पाणकोंबडीचं रीळ

माझी नणंद चिडली की अबोला वगैरे धरत नाही, सरळ ओरडते. घरात तिला सगळे पाणकोंबडी म्हणतात, कारण लहानपणापासून तिचा मुक्काम जमिनीपेक्षा पाण्यातच जास्त. बंदराबाहेर एक मालवाहू जहाज बुडालेलं आहे. ते बघायला येणाऱ्या हौशी लोकांना घेऊन ती खाली जाते. डायव्हिंगचं दुकान माझ्या नवऱ्याचं, म्हणजे तिच्या दादाचं. टाक्यांत हवा भरायचं काम माझं.

बुडालेल्या जहाजात शिरायचं तर दोरीचं रीळ हवंच. टोक दाराबाहेर बांधायचं, आत जाताना दोरी सोडत जायचं, परतताना गुंडाळत यायचं. आत गाळ उठला की स्वतःचा हातही दिसत नाही. मग ती दोरी हाच रस्ता.

तर माझ्या नवऱ्याने जुनी रिळं काढून नवी आणली. चकचकीत, चारी बाजूंनी झाकलेली, बाहेर फक्त फिरवायची मूठ. "दोरी निसटायची भीतीच नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. पाणकोंबडीने तोंड वाकडं केलं होतं, पण दादापुढे बोलली नाही. तिला पाण्यात उतरायला त्यानेच तर शिकवलेलं.

त्या दिवशी तिच्याबरोबर एक दातांचा डॉक्टर होता. इंजिनाच्या खोलीतून परतताना तिने मूठ फिरवली आणि ती फिरेना. सैल पडलेली दोरी झाकणाच्या आत जाऊन अडकली होती. त्यात डॉक्टरच्या पायाने गाळ उठला. हातात जाड मोजे, रीळ बंद, काय अडकलंय ते ना दिसे ना हाताला लागे. तिने रीळ तिथेच सोडलं, डॉक्टरचा हात आपल्या दंडावर ठेवला आणि दोरी चाचपडत त्याला बाहेर आणलं.

धक्क्यावर माझा नवरा उभा होता. बहीण धडधाकट परतलीय हे बघून तो म्हणाला काय, तर, "रीळ टाकून आलीस? घाबरलीस वाटतं." आणि डॉक्टरकडे बघून हसला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. ओले कपडेही न बदलता ती माझ्याकडे आली. "वहिनी, गाडी काढ."

बाजारात सामानाचं मोठं दुकान आहे, तिथे गेलो. दुकानदाराने आधी एक जांभळं रीळ पुढे केलं. "ताई, रंग बघा किती गोड."

"खाली अंधारात कुणाला दाखवू? माशांना?"

त्याने मग सगळ्यात मोठं काढलं. भरपूर दोरी, पण बारीक. तिने ती बोटांत ओढून पाहिली. "एवढी दोरी घेऊन मी काय समुद्राला टाके घालू? आणि गंजलेल्या पत्र्याला घासली तर ही टिकेल का?"

मग तिने पिशवीतून आपले ओले हातमोजे काढले, घातले आणि डोळे मिटले. एकेक रीळ हातात घेऊन ती मुद्दाम दोरी सैल सोडायची, वेडीवाकडी गुंडाळायची, अडकवायची आणि आंधळ्यासारखी सोडवायला बघायची. दुकानदार "अहो, माल खराब होईल" म्हणत राहिला. "माल खराब झाला तर दुसरा येतो," ती डोळे न उघडता म्हणाली, "माणूस येत नाही." शेवटी एक जमलं. धातूचं, उघडं, बोट थेट दोरीपर्यंत जाईल असं. मूठ जाड, दोरी पांढरी नि भक्कम, आणि रीळ जागच्या जागी रोखायचा स्क्रू मोजे घालूनही पिळता येणारा. दिसायला ओबडधोबडच होतं ते, पण तिने तेच घेतलं.

घरी माझा नवरा जेवत होता. तिने ताटाशेजारी झाकलेलं एक रीळ आपटलं. "दादा, मोजे घाल. डोळे मीट. सोडव."

"तू मला शिकवणार? तुला पाण्यात कुणी उतरवलं?"

"तू उतरवलंस, म्हणूनच तर जास्त राग येतोय! दुसऱ्या कुणी दिलं असतं तर त्याच्या तोंडावर फेकून मोकळी झाले असते."

त्याने रागारागात मोजे चढवले. तिने आतली दोरी अडकवून रीळ त्याच्या हातात दिलं. तो मूठ हिसडत राहिला, झाकणाची फट शोधत राहिला. कपाळावर घाम आला. मी मध्ये पडणार होते, पण तिने मला डोळ्यांनीच गप्प केलं. शेवटी त्याने रीळ भिंतीवर भिरकावलं आणि मोजे ओरबाडून काढले.

"कानाचा पडदा गेल्यापासून मी खाली गेलेलो नाही," तो म्हणाला. "ही रिळं मी दुकानात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी घेतली."

मला त्याची कीव आली. तिला नाही आली. "हे मला नको सांगूस. त्या डॉक्टरसमोर हसलास, त्याच्यासमोर बोल."

तो उठून गेला. नंतर बरेच दिवस घरात दोघांची धुसफूस चालली. तो म्हणे, बहिणीने चारचौघांत मान खाली घालायला लावावी का? ती म्हणे, भावाने लावली तेव्हा? मी दोघांनाही वाढत होते आणि दोघांवरही चिडत होते. दरम्यान आमच्या दुकानाच्या भिंतीवर टांगलेली ती झाकलेली रिळं नाहीशी झाली. ती कुणी उतरवली हे कुणीच बोललं नाही, पण एका सकाळी भंगारवाल्याला पोतं देताना मी नवऱ्याला पाहिलं होतं.

डॉक्टर पुन्हा आला, तेव्हा धक्क्यावर माझा नवरा पुढे झाला. "त्या दिवशी ही घाबरली नव्हती," तो पुटपुटला. "रीळ मी चुकीचं दिलं होतं."

"मोठ्याने," पाठीवर टाकी चढवत पाणकोंबडी म्हणाली.

तो पुन्हा बोलला, या वेळी होडीतला नावाडीसुद्धा वळून बघेल इतक्या मोठ्याने. ती "ठीक आहे" म्हणाली नाही, हसलीही नाही. तिने डॉक्टरच्या टाकीचे पट्टे जोरात ओढून तपासले, "पाय शांत ठेवा, मागच्यासारखी घुसळण नको," असं त्यालाही सुनावलं, आणि होडीत जाऊन बसली.