पिन काढलेल्या राउटरचा वेग अडतीस

अंगारे, भुतं, साक्षात्कार... या सगळ्यांविरुद्ध मी पत्रकं लिहून वाटली आहेत. बाबांनी मला अक्षरओळखच अशा पत्रकांवरून करून दिली. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय, पण खोटं तरी कसं लिहू?

आमचं गाव दारव्ह्याजवळ. त्या हंगामात व्यापारी पडेल भावानं कापूस मागत होते. सरकारी खरेदीची ऑनलाइन नोंदणी त्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होणार होती. शेजारच्या कमलकाकूकडे जागा नसल्यानं तिचा अख्खा कापूस आमच्या बैठकीत छतापर्यंत भरलेला, आणि तिची नोंदणीच राहिलेली!

साडेचारला लॅपटॉपवर वेग होता अर्धा एमबीपीएस. फॉर्म उघडेचना. मी केबलवाल्याला फोन लावला.

"चाळीसचा प्लॅन विकता आणि अर्धा देता? ही लूट आहे!"

"ताई, वायरमध्ये चाळीसच येते. वाय-फायचा वेग राउटर कुठं ठेवला त्याच्यावर राह्यते. कुठं आहे तुमचा?"

मी भिंतीकडे पाहिलं. राउटरची फळीच दिसेना. राउटर कापसात गाडला गेला होता.

"काकू, उपसा!"

"पाय नको देऊ वं, मळते थो!"

आम्ही दोघी कोपरापर्यंत कापसात असताना सहज लॅपटॉपकडे पाहिलं... वेग अडतीस! धावत जाऊन फॉर्म भरला. पाचला दहा कमी असताना टोकन नंबर आला.

"आता काहून उपसून राह्यली? झालं ना काम," काकू म्हणाली.

पण मला बघायचंच होतं. राउटर हाती लागला – थंडगार. एकही दिवा नाही.

तेवढ्यात माय वावरातून आली. "त्याची पिन त मी सकाळीच काढली. गरम होते थो. कापूस पेटला असता म्हंजे?"

खरंच, दाराआड पिन लोंबकळत होती.

माझा फोन साधा, बटणांचा. गल्लीत दुसरं कनेक्शन नाही. लॅपटॉपवर नाव आमच्याच वाय-फायचं. मग अडतीस सोडा, आधीचा अर्धा तरी कुठून येत होता? केबलवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, तक्रार नेमकी काय लिहू?"

खरेदी केंद्राच्या यादीत काकूचं नाव लागलं. गाडी दारात आली, तरी मी राउटर उलटापालटा करत बसलेली.

"कारण सापडन तवा सापडन," काकू ओरडली, "आंधी गाडी भरू लाग!"

कारण अजून सापडलेलं नाही. कापूस मात्र गेला... हमीभावानं!