न फिटणारं सोयर

सर्व आप्तेष्ट, भावंडं, भाचरं आणि पोटासाठी मुंबई-पुण्यापासून नैरोबीपर्यंत पांगलेले समस्त गाववाले यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, मी यंदाही गणपतीला घरी येणार नाही. कारण भाद्रपदात मला सोयर येणार आहे. मूल जन्मलं की घराला दहा दिवस जो विटाळ धरतात, तेच ते सोयर. आता तुम्ही म्हणाल, इंदूचं लग्न झालेलं नाही, परभणी जिल्ह्यात तिच्या सात पिढ्यांत कुणी नाही, मग हिला सोयर कुणाचं? तेच सांगायला बसले आहे. पाय पसरून ऐका.

मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याच सुमारास माझं मिरजेतलं नर्सचं शिक्षण संपलं आणि नेमणुकीचा हुकूम आला: वालूर, जिल्हा परभणी. आमच्या घरात ते कुणाला सापडेना. अण्णांनी शाळेतून नकाशा आणला, पोस्टमास्तरांकडून भिंग आणलं, बराच वेळ डोळा लावून बसले आणि म्हणाले, "नकाशात नाही, म्हणजे शांत गाव असणार."

राजापूरच्या स्टँडवर आईनं माझ्या मांडीवर तांदळाची पिशवी ठेवली, आमसुलं आणि कुळथाचं पीठ ठेवलं, वर एक नारळ. गाडी हलली तशी खिडकीला धरून चार पावलं चालली आणि म्हणाली, "हाकेला ओ देणारं कुणीतरी जोडून ठेव हो." मला हसू आलं. शेजारच्या बाकावरचे गृहस्थही हसले. आई हसली नाही.

गाड्या बदलत बदलत सेलूला छोट्या रुळांच्या गाडीतून उतरले आणि छकड्यात बसून वालूरला निघाले. काळी जमीन, त्यावर भलंमोठं आभाळ, डोंगर कुठेच नाही. नाटकाला यावं आणि मागचा पडदाच लावलेला नसावा, तसं वाटलं. लपायचं कुठे?

भाषा आपलीच, म्हणून मी निर्धास्त होते. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ धावत आले, "नर्सबाई, लेकरू रडायलंय." आपल्याकडे 'रडायला' म्हटलं की पुढं काहीतरी लागतं. रडायला लागलंय, रडायला काय झालंय. मी पुढच्या शब्दाची वाट बघत उभी, आणि ते माझ्या हलण्याची वाट बघत उभे. तिकडे लेकरू रडायलंच होतं.

माझं काम म्हणजे घरोघर जाऊन बाळंतिणी बघायच्या. ताप आहे का, अंगावरून किती जातंय, पोट बसतंय का, बाळाची नाळ सुकते आहे का. नाळेवर राख लावू देऊ नये, पहिलं चिकाचं दूध फेकू देऊ नये, कोंडलेल्या खोलीची निदान एक झडप उघडावी. यातलं लोक पुष्कळ ऐकत. वाद घालत, टोमणे मारत, पण ऐकत. अडचण दुसरीच होती. बाळंतिणीला शिवलेल्या बाईला दहा दिवस घरात घ्यायचं नाही. आंघोळ केली की झालं, असं कुणी म्हणालं तर उत्तर तयार असे: आज आंघोळ करील, उद्या पुन्हा शिवंलच की. आणि वालूर तर केवढं थोरलं गाव. एका आळीत दहावा दिवस उजाडला की दुसऱ्या आळीत पहिला. त्यामुळे माझं सोयर कधी फिटलंच नाही.

लोक वाईट नव्हते बरं का. ओट्यावर पोतं अंथरून बसवत, चहा देत, तो वरून ओतत. सणाला पुरणपोळी येई, ती माझ्या दारात ठेवून पोर पळून जाई. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत मी एकाही घरी गेले नाही. गावची दाई गिरजा तर जन्मभर त्याच बाजूला होती. माझा विटाळ कामाचा, तिचा जातीचा. तिच्याजवळ मी एकदाच गाऱ्हाणं मांडलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा मांडलं नाही.

शिवाय मला सगळे म्हणत नर्सबाई. माझं नाव काय, हे कुणी विचारलंच नाही. विचारणार कशाला, गावात नर्स एकच.

आता हसू नका. संध्याकाळी काम आटपलं की मी दवाखान्यामागच्या माझ्या खोलीबाहेर, अंगणात उभी राहायची आणि आईच्या चालीवर हाक मारायची, "इंदू गंऽऽ." मग धावत आत जायची आणि म्हणायची, "ओ." दिवाळीत तर पुरता प्रयोग केला. पाहुणी मीच, घरधनीण मीच. "या ना, बसा ना," "अहो, घाईत आहे." पाहुणीनं फार आढेवेढे घेतले म्हणून मी तिच्यावर थोडी रागावलेसुद्धा. मग पाहुणी गेली. तिला जाताना बघून मला रडू आलं, हे मात्र नाटकात नव्हतं.

माझ्या अंगणाची भिंत गयाबाईच्या अंगणाला लागून होती. एकदा माझी हाक आणि ओ चाललेली असताना पलीकडचं मिरच्यांचं कांडण मध्येच थांबलं. मी जीभ चावली. थोड्या वेळानं कांडण पुन्हा सुरू झालं.

गयाबाईला आळी मोठीमाय म्हणे. सोयर-विटाळाच्या बाबतीत वालूरचं हायकोर्ट तीच, आणि तिच्या निकालावर अपील नव्हतं. माझ्याबद्दलचा हुकूमही तिचाच. तिची लेक कौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी एवढीशी होती. मी ताणकाटा काढून झोळीत घालून तिला तोलायला लागले, तर मोठीमाय उंबऱ्यापलीकडून म्हणाली, "लेकरू हाय का गुळाची ढेप?"

"ढेपेएवढं असतं तर तोललं नसतं, मोठीमाय."

"तोंडानं लय चालू हायस तू," ती म्हणाली. पण तिचा चेहरा उतरलेला मला दिसला. काटा काय म्हणतो ते तिनं विचारलं नाही.

घरात मानवतच्या बाजाराला जायचा कापूस रचलेला होता. कौसाच्या वडिलांनी त्यातला ओंजळी-ओंजळीनं आणून ठेवला. मी मुलगी कापसात गुंडाळली. तोंड तेवढं बाहेर. तिला ओढून प्यायची ताकद नव्हती, म्हणून कौसाचं दूध वाटीत काढून बोंडल्यानं थेंब थेंब पाजायचं आणि बाकीचा वेळ कौसाच्या छातीशी ठेवायची. मोठीमाय सगळं उंबऱ्याबाहेरून बघे. तिच्या घरात देव होता, चूल होती. दहा दिवस ती बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकणार नव्हती. लेकीशी बोले ती दारातून, आणि नातीकडे बघे ती मान लांब करून.

चौथ्या दिवशी सकाळी मी गेले तर कौसा तापानं थडथडत होती. मुलगी बाजूला कापसात, पाय गार, ओठ निळसर. रडायलंय म्हणावं तर रडतही नव्हती. कौसाच्या वडिलांना मी तसंच छकडा जुंपून सेलूला डॉक्टर आणायला पिटाळलं. घरात उरलो आम्ही तिघी आणि ते कापसाचं बोचकं. मला दोन हात. कौसाला इंजेक्शन द्यायचं, पोट बघायचं, अंग पुसायचं, आणि मुलीला त्याच क्षणी कुणाच्या तरी उघड्या छातीची ऊब हवी होती.

मोठीमाय चुलीपुढून उठून दारात आली होती. कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ. मी म्हटलं, "मोठीमाय, मी एकटी दोघींना पुरणार नाही. हिला पदराखाली घ्या, नाहीतर ही दुपार बघायची नाही."

तिनं एकदा मागं देवाच्या फळीकडे पाहिलं. मग हात न धुता आत आली, चोळी सोडली, मुलगी छातीला लावली आणि पदर ओढून भिंतीशी बसली. मी इंजेक्शन दिलं, कौसाचं अंग पुसून तिला पांघरूण घातलं. पदराखालून आधी काहीच ऐकू येईना. मग मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला. मोठीमायनं डोळे मिटले. मी हात पुसत दारात उभी राहिले, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला.

इथं थोडी थांबते, कारण तुम्ही दर पत्रात विचारता, घरी कधी येणार. त्या वासाला आता वीसेक वर्षं झाली. कौसा बरी झाली. मुलीचं नाव काहीही ठेवलं असलं तरी आळी तिला कापशी म्हणते, आणि ती आता मोठीमायच्या त्याच खोलीत पहिल्या बाळंतपणाला आली आहे. भाद्रपदात मोकळी होईल, तेव्हा मी तिथंच असणार. मोठीमाय गेली. आईही गेली, तार इथं पोचेपर्यंत तिचा तिसरा दिवस झाला होता. ती चाल आता कुणालाच येत नाही. बदली झाल्यापासून मी परभणीत खोली घेतली आहे, तिथं संध्याकाळी दार उघडते तेव्हा आतून कुणी बोलत नाही आणि मीही बाहेरून हाक मारत नाही. त्या नाटकातली दोन्ही पात्रं थकली. राजापूरचं घर आठवतं, ओली भिंत, आमसुलांचा वास. पण तिथं आले की वहिनी मला पाट देते आणि पाहुणीसारखी बसवते. घर कशाला म्हणावं हे मला एकाच कसोटीवर कळतं. आपण दारातच उभे राहिलो, तर आतल्या कुणाला तरी राग यायला हवा.

तर, करपल्याचा वास आला. स्वयंपाकघराचा उंबरा माझ्या पायापासून हातभर लांब होता. मी सोयरातली, बाळंतिणीला नुकतीच शिवलेली, शिवाय भातखाऊ, तव्यावरची भाकरी उलटवायची कशी तेही ठाऊक नसलेली. सवयीनं मी अलीकडेच थबकले. पदराखालचं पिल्लू सांभाळत मोठीमायनं डोळे उघडले, मला तिथं खांबासारखी उभी पाहिलं आणि खेकसली,

"इंदू, बगायलीस काय, आत जा की गं, भाकर करपायलीय."