वांग्यांच्या मुळाशी ओतलेलं पाणी

तो फोटो अजून सोसायटीच्या ग्रुपवर आहे. मीच टाकलेला. टाकी धुणारे दोन कामगार गच्चीवरच्या निळ्या ड्रमांत बादल्यांनी पाणी ओतताना दिसतात. खाली मी लिहिलंय, ‘टाकी स्वच्छ झाली आणि थेंबही वाया गेला नाही. पाणीकपातीत एवढं तरी करूया.’ त्याखाली अंगठ्यांची रांग. त्या पाण्यात काय आहे, हे एकानेही विचारलं नाही. मीही विचार केला नाही. त्यात ब्लीचिंग पावडर होती आणि ते ड्रम माझ्या ताईचे होते.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. जन्मभर तिने इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम केलं. भावोजी गेल्यावर ती आमच्याकडे मुलुंडला आली. भावाच्या घरी राहणं तिला जड जात होतं, हे मला दिसत होतं. कपाट अर्धंच वापरायची, टीव्हीचा रिमोट कधी हातात घ्यायची नाही. गच्चीवर मात्र ती मोकळी व्हायची. तिथे तिने अर्धे कापलेले ड्रम मांडले आणि त्यांत मिरची, टोमॅटो, वांगी लावली.

पहिल्या वर्षी सगळं मेलं. झाडं फुलावर आली आणि हिरवीगार असतानाच त्यांनी माना टाकल्या. ताईने एक देठ चिरून मला दाखवला. आत तपकिरी रेघ होती. मातीतली बुरशी मुळातून शिरून वर चढली होती. आमच्या खजिनदाराला तेवढंच निमित्त पुरलं. “गच्ची काय शेती करायला आहे काय? स्लॅब गळतोय,” तो म्हणाला. स्लॅब त्याआधीपासून गळत होता. शेवटी कमिटीने ठरवलं, आणखी एक हंगाम द्यायचा. या वेळीही झाडं मेली तर ड्रम खाली. सेक्रेटरी म्हणून तो ठराव मीच लिहिला आणि ताईला समजावलं की बघ, तुझ्यासाठी मुदत मिळवली.

पुढच्या लागवडीआधी ती शेतीच्या दुकानातून पांढरट भुकटीचं एक पाकीट घेऊन आली.

“यात काय आहे?”

“जंतू.”

“विकत आणलेस?”

“आयुष्यभर मारले, आता पाळते. तुला नाही का पाळला लहानपणी?”

तिने उरलेली गार पेज घेतली, त्यात भुकटी कालवली आणि रोपांची मुळं त्यात बुडवून ठेवली. पेजेमुळे जंतू मुळांना चिकटून राहतात, म्हणाली. मी बाजूला चहा पीत उभा होतो. तिने मला सगळं समजावून सांगितलं होतं, म्हणून तर माझा स्वतःवरचा राग जात नाही. झाड आपण बनवलेल्या साखरेतली थोडी मुळांतून मातीत पाझरू देतं. त्या वासाने हे जंतू पोहत मुळापाशी येतात, खाचाखोचांत बसतात, वाढतात, आपला बुळबुळीत थर करतात.

“आणि मग बुरशीला मारतात?”

“मारतातही. पण आधी जागा अडवतात. आपल्या पार्किंगसारखं रे. सगळं भरलेलं असलं की बाहेरचा गाडी लावणार कुठे? वर मातीतलं लोह हेच ओढून घेतात, बुरशी बसते उपाशी. आणि झाडालाही सावध करतात. मग ते वरपासून खालपर्यंत तयारीत राहतं.”

“झकास. आपल्या वॉचमनला पण पाज थोडी पेज.”

ती हसली. मग बादलीकडे बोट दाखवून म्हणाली, “आणि हे बघ, नळाचं पाणी डायरेक्ट घालायचं नाही. मी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवते. त्यातलं क्लोरीन उडून जायला हवं, नाहीतर माझे जंतू मरतील.”

मी ‘हो’ म्हणालो. ऐकलं असतं तर पुढचं झालं नसतं. मी फक्त मान हलवली होती.

होळीच्या आधी टाकी धुवायला माणसं आली. ताई पुतणीच्या केळवणाला मालाडला गेली होती. पाणीकपात सुरू होती आणि टाकीच्या तळाशी धुतलेलं पाणी बरंच उरलं होतं. कामगार ते मोरीत सोडणार होते. मी म्हटलं, “अरे, वाया कशाला? झाडांना घाला.” एकाने विचारलं, “साहेब, पावडरचं आहे, चालेल ना?” मी म्हटलं, “चालेल रे, स्वच्छच आहे.” ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज आलं की आठवलं तरी स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं. नळाच्या पाण्यातल्या चिमूटभर क्लोरीनला जपणारी बाई माझ्या घरात राहते आणि मी तिच्या झाडांच्या मुळाशी ब्लीचिंगचं पाणी ओतवतो. वर फोटो काढतो!

ताईने ग्रुपवर फोटो पाहिला आणि केळवणाचं ताट अर्धं सोडून परत आली. वर गेली, माती हातात घेऊन हुंगली.

“मेल्या, टाकी धुतलेलं पाणी?”

“ताई, पाणी वाचवावं म्हणून...”

“पाणी वाचवलंस. आता गप्प रहा.”

पानांच्या कडा आधी करपल्या, मग सावरल्या. मला वाटलं, सुटलो. ताईला वाटलं नाही. तिने पुन्हा भुकटी घातली, पण उशीर झाला होता. मुळांवरचे रखवालदार मेले होते आणि खोल मातीत दडी मारून बसलेली बुरशी जगली होती. रिकामी जागा तिने धरली. वांगी फुलावर आली आणि पुन्हा तेच झालं. फक्त टाकीमागचा एक ड्रम कामगारांच्या नजरेतून सुटला होता. त्यातली झाडं ताठ उभी होती.

मीटिंगमध्ये खजिनदार म्हणाला, “जंतू घातले म्हणून झाडं मेली. उद्या तेच टाकीत उतरले, तर मुलाबाळांचं काय?” सगळ्यांच्या माना हलल्या. रोज वाटीभर दही खाणारी माणसं ही! मी उठलो आणि पाणी मी ओतायला लावलं हे सांगितलं. टाकीमागच्या ड्रमाचंही सांगितलं. वाटलं होतं, आता तरी विषय बदलेल. खजिनदाराने पेन टेबलावर ठेवलं. “मग चूक तुमच्या घरातलीच आहे ना? ठराव ठरावच. उद्या नोटीस लावा.”

“नाही लावणार.”

“मग सेक्रेटरीपद सोडा.”

“सोडलं.”

“आता कोण होतंय सेक्रेटरी?” त्याने विचारलं. एकाचं गुडघ्याचं दुखणं निघालं, एकाची मुलगी बारावीला होती, एकाला नेमका तेव्हाच फोन आला. खजिनदारालाही हिशेबातून वेळ नव्हता. कुठल्याही सोसायटीत हे काम कोणालाच नको असतं. म्हणून नोटीस लागली नाही आणि ड्रम अजून वर आहेत. न्याय वगैरे काही झालेला नाही. उद्या कोणी तयार झाला की ते खाली येतील.

तोवर ताईने मेलेल्या झाडांची माती पोत्यात भरून बाजूला काढली. टाकीमागच्या ड्रमातली माती थोडी थोडी नव्या मातीत मिसळली, पाकिटातली भुकटीही घातली. नवी रोपं आणल्यावर तिने पेजेचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं. मी मुळं बुडवत गेलो, ती लावत गेली. मी माफी मागितली, तर म्हणाली, “मूळ मोडू नकोस.”

आता संध्याकाळी पाणी मीच घालतो. बादली उचलली की ती खुर्चीतून विचारते, “कालचं आहे की आजचं?”

“कालचं.”

ती उठते, बादलीवर वाकून वास घेते आणि मगच बाजूला होते. मला रोज राग येतो. तिचा नाही.