तो फोन मी केला नव्हता

इथे लिहिणारा प्रत्येक जण आधी सांगतो की, आपला अशा गोष्टींवर विश्वास नाही. मीही तेच सांगणार, इलाज नाही. मी आयुष्यभर एका कारखान्यात क्वालिटी तपासायचं काम केलं. भाग मापात बसतो किंवा बसत नाही. 'बहुतेक बसेल' असा शेरा मी कधी लिहिला नाही. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मला झोप यायची.

हे लिहायचं कारण असं की, आमच्या नात्यात कोणतंही कार्य असलं की जेवणं झाल्यावर माझा भाचा 'मामी आणि मोडेम' हा किस्सा रंगवून सांगतो आणि सगळे पोट धरून हसतात. माझी बायको जाऊन वर्ष होऊन गेलं. हसणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं, तिच्यावर सगळ्यांचाच जीव होता. पण त्या किश्श्यात ही भोळी ठरते आणि मी समजूतदार. दोन्ही खोटं आहे... आणि खरं सांगू शकेल असा आता मी एकटाच उरलो आहे.

आम्ही विश्रांतवाडीला राहतो, आळंदी रस्त्यापासून आत, एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. आम्ही म्हणजे तेव्हा मी आणि ही. एकुलती एक मुलगी अश्विनी खराडीला असते, तिथेच एका आयटी कंपनीत नोकरी करते. ट्रॅफिक बरा असेल तर अर्ध्या तासाचं अंतर. त्या दिवसांत मात्र ते फार वाढलं होतं.

झालं होतं असं. अश्विनीला मूल नाही. खूप डॉक्टर झाले, खूप इंजेक्शनं झाली, शेवटी नवरा-बायकोने मिळून तो विषय मिटवला. एका दिवाळीत आम्ही तिच्याकडे जेवायला गेलो होतो. तिच्या दिराचं लहान पोर पळता पळता पडलं, अश्विनीने उचललं, पण ते रडायचं थांबेना. ही पुढे झाली आणि म्हणाली, "दे इकडे, तुला काय कळणार त्यातलं."

बोलून गेली. जेवणं झाली, आम्ही घरी आलो, आणि त्यानंतर अश्विनीचे आईला फोन येणं बंद झालं. दोघी एकाच मातीच्या. एक आधी बोलायची नाही आणि दुसरी नंतरही. ही मला म्हणाली, "तुम्ही बोला हवं तर, लेक आहे तुमची. पण या घरातलं अक्षर तिला कळवायचं नाही. माझं दुखणंखुपणं तर मुळीच नाही. मला कुणाची दया नको." आणि देवासमोर उभं करून मला शपथ घ्यायला लावली.

मी घेतली. आणि त्याच संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा बागेतल्या बाकावरून अश्विनीला फोन करून सगळं सांगितलं. हिचा खोकला, हिचे गुडघे, हिने भाजीवाल्याशी घातलेला वाद. मग ते रोजचंच झालं. अश्विनी मला शपथेवरून टोमणा मारायची आणि लगेच विचारायची, खोकला कसा आहे. घरी परतलो की ही दार उघडता उघडता दुसरीकडे बघत विचारायची, बरी आहे ना ती.

पंचाईत अशी, की अश्विनी नुसतं ऐकून घेणाऱ्यातली नाही. खोकल्याचं कळलं की वाफ घ्यायचं यंत्र दारात. गुडघ्यांचं कळलं की पट्टे. पाठवणाऱ्याचं नाव नसायचं, पण दुसरं कोण पाठवणार? हिने ते खोकं उलटसुलट करून बघितलं.

"मी तर कुणाला बोलले नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही शपथ घेतली आहे."

तिच्या आवाजात संशयाचा कणही नव्हता. मी शपथ घेतली आहे म्हणजे मी नाही – तिच्या लेखी विषय संपला होता. त्याच वेळी मी सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी मी शोकेसवरच्या मोडेमकडे बघितलं आणि म्हणालो, "हल्ली ही यंत्रं ऐकतात म्हणे."

एवढंच. 'म्हणे' हा फार सोयीचा शब्द आहे. कोण म्हणतं, ते सांगावं लागत नाही.

मोडेम कंपनीने दिलेला. इंटरनेट, टीव्ही, लँडलाइन, तिन्ही त्याच्यातूनच. डबा आपल्या घरात, वीज आपली, पण मालकी त्यांची. आपला दुसरा आणून लावतो म्हटलं तर चालत नाही म्हणून सांगतात. त्याच्या थोडं आधी नेट बंद पडलं होतं, तेव्हा कंपनीतला माणूस फोनवर म्हणाला होता की, काका, काही दाबू नका, तुमचा दिवा आम्हाला इथून दिसतोय. हिने ते ऐकलं होतं. आता तिला ते आठवलं.

"तिकडून दिवा दिसतो, तर दिवाणखाना का नाही दिसणार?"

संध्याकाळी बाकावरून हेच मी अश्विनीला विचारलं. ती म्हणाली, घरातलं बोलणं कुणी ऐकत बसत नाही, पण घरात कोणता फोन कधी जोडला, कधी बंद झाला, असलं बरंच काही कंपनीला समजू शकतं. आईचं अगदीच चूक नाही. "पण तुमचं मात्र सगळंच चूक आहे, बाबा. तिला खरं सांगा."

मी सांगितलं नाही.

तिथून भाच्याचा किस्सा सुरू होतो. हिने मोडेमवर क्रोशाचा रुमाल घातला. मग तो तापतो असं लक्षात आलं, तेव्हा 'उकडत असेल त्याला' म्हणून काढला. खाजगी काही बोलायचं असलं की ती मला बाल्कनीत न्यायची आणि तिथून अशा आवाजात बोलायची की खालच्या वॉचमनलाही आमची खाजगी बाब कळावी. दसऱ्याला कात्री, विळी आणि शिवणयंत्राबरोबर मोडेमलाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळालं. हळूहळू तिला त्याची सवय झाली. एकदा म्हणाली, "चहाडखोर आहे, पण वळणाचा आहे हो. माझा खोकला पोचवला, पण मी वन्संबद्दल बोलले, ते नाही पोचवलं."

वन्सं म्हणजे माझी बहीण. ते मी गाळलं होतं. मी मान खाली घालून चहा पीत राहिलो.

आणखी एक गोष्ट मी गाळली होती. एका सकाळी ही कोथिंबीर निवडत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चुकलंच माझं. पण आता कुठल्या तोंडाने बोलू?" गुडघे, खोकला, भाजीवाला, सगळं मी अश्विनीला पोचवलं. हे वाक्य नाही. स्वतःला म्हणालो, शपथ घेतली आहे.

आता त्या दिवसाबद्दल. सकाळपासून नेट बंद होतं. कोपऱ्यावर रस्ता खणताना कुणीतरी तार तोडली होती. मोडेमवर लाल दिवा लागला होता. मी लँडलाइन उचलून बघितली, अगदी मुकी. तक्रार मोबाइलवरून केली. हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून खात्रीने लिहितो.

दुपारी मी डोळे दाखवायला गेलो. दवाखान्यात पाटी होती – 'मोबाइल बंद ठेवावा. येथे डोळे तपासले जातात, गप्पा ऐकल्या जात नाहीत.' मी मोबाइल बंद केला. मग त्यांनी डोळ्यांत थेंब घातले आणि बसवून ठेवलं. ज्यांनी हे थेंब घेतले असतील त्यांना माहीत असेल, समोर धरलेला हातसुद्धा धड दिसत नाही. तसाच रिक्षाने घरी आलो, कठडा धरून जिना चढलो. दार उघडं होतं. आत मला दोन आकार दिसले आणि मध्ये मटारांचं ताट. चेहरे दिसत नव्हते. एकीने नाक ओढलं, मग दुसरीने.

"आलात?" ही म्हणाली. "डोळे चोळू नका. आशूने चहा टाकलाय."

मी चाचपडत खुर्चीवर बसलो. दोघी मटार सोलत राहिल्या आणि मधेच एकमेकींना 'किडका आहे तो, बघ की' असं सांगत राहिल्या. इतक्या दिवसांनी त्या घरात दोघींचे आवाज एकदम ऐकू येत होते. मला विचारायचा धीर झाला नाही.

अश्विनी निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर खाली पार्किंगपर्यंत गेलो. ती म्हणाली, "थँक्स, बाबा. आज फोन केलात ते फार बरं केलंत."

मी विचारलं, कुठला फोन.

"असं काय करता? घरच्या नंबरवरून नाही का केलात? मी मीटिंगमध्ये होते, कटच करणार होते..." ती जराशी थांबली. "तुम्ही म्हणालात, 'आशू, कुमुद म्हणते, शब्द काय, तोंडातून गेला. पण तुझ्या हातातून पोर ओढून घेतलं, ते काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही.' बाबा, तुम्ही आईला नावाने म्हणालात. तिथेच मी लॅपटॉप मिटला."

तिने मोबाइल माझ्यापुढे धरला – हा बघा, तुमचाच कॉल. मला पडद्याचा उजेड दिसला, अक्षर एकही नाही.

दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, आमच्यात बायकोला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. लग्नातला उखाणा सोडला तर 'कुमुद' हा शब्द मी उच्चारल्याचं मला आठवत नाही. आणि दुसरी... हातातून पोर ओढून घेतल्याचं मला माहीतच नव्हतं. मी तेव्हा जावयाशी बोलत होतो, माझ्या कानावर फक्त शब्द पडले होते. इतके दिवस माझी समजूत होती की भांडण त्या शब्दांचं आहे.

वर आल्यावर हिला सहज विचारल्यासारखं विचारलं की, दुपारी काय केलंस.

"काही नाही. त्याच्याशी बोलले."

"कोणाशी?"

तिने मोडेमकडे हात केला. "लाल दिवा लागला होता ना. आम्ही मैत्रिणी रेडिओ केंद्रावर गाण्याला जायचो, तेव्हा असाच लागायचा. लाल दिवा म्हणजे माइक चालू, मग शिंकसुद्धा यायची नाही कुणाला. म्हटलं, ऐकतोच आहे, तर नीट सांगून टाकावं. पोचवलं हो त्याने."

काय बोलली तेही तिने सांगितलं. शब्दाला शब्द तेच. फक्त 'कुमुद म्हणते' तेवढं नव्हतं. लँडलाइनला तिने हात लावला नव्हता. कशाला लावेल? ती तर मुकी होती.

लाल दिवा म्हणजे तार तुटली आहे, त्यातून काहीच जात नाही, हे मी तिला सांगितलं नाही. लाइन दुसऱ्या दिवशी सुरू झाली. पुढे एकदा मी कंपनीच्या ऑफिसात जाऊन विचारलं की, त्या दुपारी आमच्या नंबरवरून फोन गेला का. तिथल्या मुलीने संगणकात बघितलं. लाइन बंदच होती, काका, फोन गेला असता तर आम्हाला दिसलं असतं, असं म्हणाली. तोवर अश्विनीनेही मोबाइल बदलला होता. मायलेकींनी मिळून माझी गंमत केली, हेही मी मनात तपासून बघितलं. पण मग ज्या दिवशी दोघी बोलत नव्हत्या त्याच दिवशी ती ठरवली कधी? मापात बसत नाही.

त्यानंतरची वर्षं फार चांगली गेली. शेवटच्या आजारपणात अश्विनी रजा काढून इथेच राहिली. हिची वेणी घालायची, आणि ही 'ओढू नकोस गं, तेवढेच उरलेत' म्हणून ओरडायची. मी मात्र शपथेचं शेवटपर्यंत सांगू शकलो नाही, आणि अश्विनीनेही आईपुढे माझं नाव कधी काढलं नाही. कितीदा तोंडाशी आलं. ही झोपलेली असायची, नाहीतर हसत असायची.

गेल्या रविवारी खराडीला जेवायला गेलो होतो. भाचाही उभ्याउभ्या आला होता. या वेळी जेवणाआधीच किस्सा झाला, हसणं झालं, तो गेला. जावई बाहेर पडले होते. आम्ही दोघंच जेवायला बसलो, तेव्हा मी अश्विनीला सगळं सांगितलं, तुम्हाला आत्ता सांगितलं तसंच. तो फोन मी केला नव्हता. आवाज माझा असेल, पण मी नव्हतो. मग कोण होतं, ते मला माहीत नाही. तुटलेल्या तारेतून काय जाऊ शकतं, तेही माहीत नाही. इथे कुणाला स्पष्टीकरण सुचलं तर जरूर लिहा. मला आजवर सुचलेलं नाही, आणि आता सुचेल असंही वाटत नाही.

अश्विनी ऐकत होती. तिने कंपनीबद्दल विचारलं नाही, तारेबद्दल नाही. म्हणाली, "आई चुकलं म्हणाली होती, ते तुम्हाला आधीच माहीत होतं. मग तुम्ही कधीतरी केला असतात का तो फोन?"

मी नाही म्हणालो. कारणही सांगितलं. दोघी बोलायला लागलात तर मला कोण विचारणार, असं वाटायचं. घरी एक वाट बघायची आणि फोनवर एक. माझी एवढी वाट कुणी कधी बघितली नव्हती.

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. बघताना अगदी आईसारखी दिसते.

"मग तुमच्यावर सोडलं नाही ते बरंच झालं," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.