दारावरची खडूची खूण

नर्सबाईंची एक सवय सगळ्या वस्तीला पाठ होती. घरातल्या शेवटच्या माणसाचं बोट टोचून रक्त तपासल्याशिवाय त्या दारावर खडूची खूण करत नसत. "ही रक्तातली कावीळ आहे, वर्षानुवर्षं गप्प बसते," असं त्यांनी सुरू केलं, की "आणि आतून यकृत खाते," हे माणसं आधीच म्हणून दाखवत. कुणी दार लोटलंच, तर त्या पायरीवर ठाण मांडून बसत. त्यांच्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते.

खोटी खूण त्यांनी एकदाच केली, सख्ख्या थोरल्या बहिणीच्या दारावर.

ताई शिवणकाम करायची. त्या दिवशी तिच्याकडे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. "तू काय घरचीच. रविवारी टोच," मशीनवरून मान न उचलता ती म्हणाली. गल्लीतलं तेवढं एकच घर उरलं होतं. नर्सबाईंनी खूण केली, यादी पुरी केली. तो रविवार काही उजाडला नाही. परक्यांसाठी पाय झिजवायचे आणि घरच्या माणसाला गृहीत धरायचं, दुसरं काय.

दोन वर्षांनी ताईचे पाय सुजले, पोट वाढलं. ती आपल्याच कपड्यांच्या शिवणी उसवत राहिली. "सुटलेय जरा," म्हणून हसायची. नर्सबाईंनी मात्र लगेच तपासणीची पेटी उघडली. सुईनं घट्टे पडलेलं ते बोट दोनदा टोचावं लागलं. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. कधीकाळी बाळंतपणात ताईला रक्त चढवलं होतं, त्यातून आलेलं हे दुखणं.

मोठे डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी विषाणू जाईल. यकृत मात्र आता सुधारायचं नाही. वर्षभर आधी आला असतात तर..." पुढचं त्यांनी कागदावर लिहिलं.

घरी आल्यावर नर्सबाई पायरीवरच बसल्या. "ताई, गेल्या वर्षी सुटलेली घरं शोधायला दुसरी टीम फिरली होती. तुझ्याकडे नाही आली?"

"आली होती की. मीच त्यांना दार दाखवलं. म्हटलं, माझ्या बहिणीची खूण आहे."

"अगं, पण मी तुला टोचलं कुठं होतं?"

"मला वाटलं, तुला नुसतं बघूनच कळलं असेल. नाहीतर तू खूण कशाला करशील?"

नर्सबाई ढसाढसा रडल्या. ताईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नकोस. गोळी द्यायला आता रोज येशील ना?"

गोळ्या संपेपर्यंत त्या रोज गेल्या, रविवारीसुद्धा. रक्त स्वच्छ झाल्याचा कागद हाती आला, तेव्हा ताईला जाऊन नऊ दिवस झाले होते.