सुरकुत्यांसाठी घेतलेला एअरब्रश

ओसिंगचं घर माझ्या झेरॉक्सच्या दुकानापासून चार घरं वर, चढावर आहे. तो चढ चढायला पार्सलवाले कुरकुर करतात, म्हणून अख्ख्या गल्लीची पार्सलं माझ्याकडे येऊन पडतात. त्यामुळे ही गोष्ट मी पहिल्यापासून पाहिलेली आहे.

फिलिपीन्समधल्या आमच्या ह्या तलावाकाठच्या पाएते गावात घरटी एक तरी लाकूड कोरणारा सापडतो. ओसिंगचा नवरा सांतिंग त्यांतला जुना. तो संतांच्या मूर्ती कोरतो आणि ओसिंग त्यांना कातडीचा रंग देते. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तेव्हापासून ही वाटणी अशीच. लाकडावर आधी पांढरा हात द्यायचा, तो घासून गुळगुळीत करायचा, मग त्यावर तेलरंगाचे तीन हात. शेवटचा हात ओला असतानाच मऊ ब्रशनं थोपटत बसायचं, म्हणजे गालांची लाली आसपासच्या रंगात कुठे विरली ते कळत नाही. ओसिंगचं थोपटणं तलावाच्या काठच्या सगळ्या गावांना ठाऊक आहे. तिनं रंगवलेल्या बाळ येशूच्या गालांचे मुके घेऊन घेऊन लोक रंग उडवतात आणि दर दोन वर्षांनी मूर्ती परत तिच्याकडे आणतात.

गेल्या वर्षी पिला गावच्या रेमेडिओसबाईंनी सांता आनाची मूर्ती सांगितली. सांता आना म्हणजे मारियामातेची आई, वयस्कर बाई. जुलैमध्ये तिचा सण, तेव्हा मिरवणुकीत न्यायची होती. सांतिंग फेब्रुवारीत कामाला बसला. तो एरवी आपल्या कामाबद्दल बोलत नाही, पण ह्या वेळी मुखडा तयार झाल्यावर त्यानं स्वतः मला वर बोलावलं. ओठांच्या वर बारीक उभ्या रेघा, डोळ्यांच्या कोपऱ्यांत जाळी, गळ्याची सैल कातडी. कोऱ्या लाकडातली ती म्हातारी आता काहीतरी विचारेल असं वाटत होतं.

"कशी आहे?" सांतिंगनं विचारलं.

"मला घाबरवतेय," मी म्हटलं. तो खूश झाला.

ओसिंग मागे उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पावाची पिशवी हातात घेऊन ती दुकानात आली आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबून राहिली.

"बेलेन," ती हळूच म्हणाली, "ते हवेनं रंग मारायचं असतं ना, मोटरसायकलच्या टाक्यांवर मारतात ते? पेनासारखं. ते फोनवर मिळतं का?"

"एअरब्रश? मिळेल की. कुणाला हवाय?"

"मला. आणि सांतिंगला सांगू नकोस."

त्या दिवसापासून दुपारी दुकान रिकामं असलं की आम्ही दोघी माझ्या फोनवर डोकं खुपसून बसायचो. चारशे पेसोंपासून वीस हजारांपर्यंत सगळं होतं, आणि फोटोंत सगळे सारखेच दिसत होते. चंदेरी रंग, रंगासाठी एक वाटी, बोटानं दाबायचा एक घोडा. कुठे सुई शून्य पॉइंट दोन, कुठे तीन, कुठे पाच. कुणाची वाटी वर, कुणाची बाटली खाली. कशानं काय होतं ते आम्हा दोघींनाही कळेना.

ओसिंगनं लोकांचे अभिप्राय वाचायला घेतले. "ही बघ," ती म्हणाली, "पाच तारे दिलेत. लिहिलंय, पार्सल लवकर आलं, डिलिव्हरीवाला नम्र होता, अजून उघडलेलं नाही. अगं, न उघडता पाच तारे?"

"मग एक तारावाले वाच."

"तेच वाचतेय. हा म्हणतो, दुसऱ्याच दिवशी गळायला लागला. आणि हिला त्याच्याऐवजी भाजीची किसणी आली."

तरीही पहिल्यांदा आम्ही फसलोच. हवा भरून देणाऱ्या कंप्रेसरची भानगड नको म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा एअरब्रश मागवला. गुलाबी रंगाचा, हातात मावेल असा. फोटोत एक हसरी बाई त्यानं केक रंगवत होती. तो आला, ओसिंगनं पातळ केलेला रंग भरला आणि अंड्यावर मारून पाहिला. मुखड्याला सर्वांत जवळची वस्तू म्हणून तिनं अंडं निवडलं होतं. यंत्र दोनदा खोकलं आणि अंड्यावर थुंकलं. शब्दशः थुंकलं. लाल ठिपके, मधेच एक ओघळ.

"ह्याला गोवर झालाय," ओसिंग म्हणाली.

आम्ही खूप हसलो. तिनं ते यंत्र धुऊन पुसून वरच्या गल्लीतल्या केकवालीला देऊन टाकलं. तिच्या कामाला ते बरं पडलं म्हणे.

दुसऱ्या वेळी ओसिंगनं ठरवलं की वस्तू निवडण्याआधी दुकानदार निवडायचा. चार दुकानांना तिनं एकच प्रश्न माझ्याकडून लिहून पाठवला: हे बिघडलं तर त्याचे सुटे भाग मिळतील का? दोघांनी हसरे चेहरे पाठवले. एकानं त्याच वस्तूचा फोटो परत पाठवला. चौथा सेबू शहरातला कुणी रुएल होता. त्यानं सुटे भाग ठेवलेल्या डब्याचाच फोटो पाठवला आणि खाली विचारलं, मॅम, रंगवणार काय?

मी लिहिलं, माणसांचे चेहरे.

त्याचा फोनच आला. "मॅम, टॅटू की मेकअप? कातडीवर मारायचं असेल तर रंग वेगळे लागतात."

फोन स्पीकरवर होता. ओसिंग पुढे झुकून जोरात म्हणाली, "लाकडाची माणसं आहेत रे बाबा. संत!"

मग तो म्हणाला, "माझ्या आजीकडे सान रोके संताची मूर्ती आहे. त्याच्या कुत्र्यासकट." त्यानंतर अर्धा तास तो बोलत होता. आपण स्वतः मोटरसायकलींवर चित्रं काढतो, म्हणून ही दुकानदारी सुरू केली, असं त्यानं सांगितलं. ओसिंग दहा हजारांच्या एअरब्रशबद्दल विचारत होती, कारण महाग तो चांगला असं तिनं धरून ठेवलं होतं. त्यानं तिला थांबवलं.

"तो नको, मॅम. त्याची सुई फार बारीक. तुमचा रंग जरा जाड झाला की तुंबणार, आणि तुम्ही मला शिव्या घालणार. शून्य पॉइंट तीन घ्या. वाटी वर असलेला घ्या, थोड्या रंगात काम होतं. आणि घोडा दोन्ही कामं करणारा हवा. खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. किती ओढायचं ते तुमच्या बोटावर."

"म्हणजे बोटाला शिकवावं लागणार."

"महिनाभर. आणि टाकी असलेलाच कंप्रेसर घ्या, नाहीतर हवा धडधडत येते. पाणी अडवणारा फिल्टर विसरू नका. तुमच्याकडे तलावाची दमट हवा, पाण्याचा एक थेंब आला की संताच्या नाकावर पडेल. एक जादा सुई घ्या. पहिली तुम्ही वाकवणारच."

"मी नाही वाकवणार."

"सगळेच वाकवतात, मॅम. खिडकी उघडी ठेवा आणि तोंडाला मास्क लावा. आणि घाई नको."

पार्सल आठ दिवसांनी आलं, दोन खोकी. पैसे हातात घ्यायला पार्सलवाला उभा होता, पण ओसिंगनं आधी खोकं उघडून सुई डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि मगच त्याला पैसे दिले. कंप्रेसर माझ्या मागच्या खोलीत, कागदांच्या गठ्ठ्यांजवळ ठेवला. तीन आठवडे ती रोज दुपारी येऊन अंडी रंगवायची. पहिल्याच आठवड्यात एअरब्रश हातातून पडला आणि सुई वाकली. तिनं मुकाट्यानं दुसरी घातली. रुएलला कळवू नकोस, एवढंच म्हणाली. हळूहळू अंड्यांना गाल आले, मग कपाळ आलं. आमच्या घरी रोज ऑम्लेट होऊ लागलं. माझा नवरा म्हणाला, "पुढच्या आठवड्यात तिला मासे रंगवायला सांग ना."

मे महिन्यात एकदा सांतिंग बिलाची झेरॉक्स काढायला आला तेव्हा कंप्रेसर चालू होता. आवाज ऐकून तो सरळ मागच्या खोलीत गेला. ओसिंग मास्क लावून अंडं धरून बसली होती.

त्यानं तिच्या हातातलं अंडं घेऊन उजेडात धरलं. मग म्हणाला, "हे माझ्या सांता आनासाठी आहे?"

"हो."

"मी तीन महिने खपून तोंड कोरायचं आणि तू त्यावर स्कूटरसारखा फवारा मारणार?"

"सांतिंग, ऐक तर..."

"तुझा हात आहे म्हणून लोक येतात. ह्या पंपासाठी नाही येत." झेरॉक्स न घेताच तो निघून गेला.

पुढचे चार दिवस त्या घरातून छिन्नीचा आवाज आला नाही. ओसिंग माझ्याकडे आली, पण रडली वगैरे नाही. तिनं एक पिशवी उघडली. तडा गेल्यामुळे सांतिंगनं टाकून दिलेले दोन मुखडे त्यात होते, दोन्ही म्हाताऱ्यांचे. एक तिनं नेहमीसारखा ब्रशनं रंगवला. दुसऱ्यावर पांढरा हात अगदी पातळ दिला, घासला आणि वर एअरब्रशनं रंगाची नुसती वाफ सोडावी तसे हात दिले. भुवया आणि ओठ मात्र दोन्हीकडे ब्रशनंच केले. सुकल्यावर म्हणाली, "उद्या सकाळी वर ये. मला एकटीला बोलता यायचं नाही."

मी गेले. सांतिंग कॉफी पीत होता. ओसिंगनं दोन्ही मुखडे त्याच्या बाकावर ठेवले. पहिल्यात गुबगुबीत, शांत म्हातारा होता. दुसऱ्यात सांतिंगनं कोरलेली रेघ न् रेघ दिसत होती, जरा जास्तच ठळक. सांतिंगनं कप खाली ठेवला, अंगठा दुसऱ्या मुखड्याच्या डोळ्याखालून फिरवला, मग पहिल्याच्या.

"माझ्या ब्रशखाली तुझं बारीक काम बुजतं," ओसिंग म्हणाली. "पहिल्यापासून बुजतं. रंग पातळ केला तर ओघळतो, जाड ठेवला तर भरून येतं. ही बाई तशी बुजवायची नव्हती मला."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"लग्नापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलून काय होणार होतं? तू कोरायचं सोडणार होतास, की मी रंगवायचं?"

सांतिंगनं मान हलवली आणि हळूच हसायला लागला. मला वाटलं, ह्याचं काही बिनसलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "म्हणून तर मी खोल कोरायला लागलो. रंग चढल्यावर थोडं तरी उरावं म्हणून. माझा बाप मला म्हणायचा, तुझी छिन्नी फार हलकी. आता कुणी म्हणत नाही."

ओसिंग खुर्चीत बसली. "मग तू का नाही बोललास?"

"तू एवढी थोपटत बसायचीस. कसं बोलू?"

दोघं एकमेकांकडे बघत होते आणि मी उगाचच कॉफीचे कप उचलायला लागले.

पण काम तिथे संपलं नाही. सांतिंगनं सांता आनाचा मुखडा उजेडात आणला आणि कपाळाला हात लावला. तोही त्यानं जुन्या सवयीनं खोल कोरला होता. एअरब्रशचा पातळ रंग चढला असता तर त्या रेघा भेगांसारख्या दिसल्या असत्या आणि म्हातारी चिडकी झाली असती. मला घाबरवत होती ती ह्यामुळेच. सणाला दोन महिने उरले होते. त्यानं सगळा मुखडा रेघा जाईपर्यंत घासला आणि बारीक छिन्नीनं नव्यानं कोरला. बापाच्या काळातली ती छिन्नी त्याला पलंगाखालच्या पेटीत शोधावी लागली. हात इतक्या वर्षांत विसरला होता, त्यामुळे तो स्वतःवरच ओरडायचा. ओसिंग त्याला म्हणायची, "महिनाभर लागतो. मलाही लागला."

जुलैच्या सुरुवातीला त्यांनी कंप्रेसर माझ्याकडून वर नेला. सांतिंगनं तो खांद्यावर घेतला, आणि दोनदा थांबून, हे कशाला एवढं जड करतात, अशी तक्रार केली. ओसिंगनं सांता आना खिडकीशी उभी करून पाच दिवसांत रंगवली. सांतिंग बाजूला बसून "इथे कमी, इथे कमी" म्हणत राहिला, आणि शेवटी तिनं त्याला अंडी आणायला बाजारात पाठवलं.

रेमेडिओसबाई मूर्ती न्यायला आल्या तेव्हा बरोबर त्यांची नव्वदीची आई होती. ती म्हातारी मूर्तीसमोर उभी राहिली, वाकून तिनं तोंड न्याहाळलं आणि ती मुलीला म्हणाली, "हिला ऐकू येतं का?"

"आई, ती मूर्ती आहे."

"ते मला कळतंय गं. इतकं जिवंत कोरलंय, म्हणून विचारलं."

सांतिंग आत निघून गेला. ओसिंगनं मूर्ती चादरीत गुंडाळून दिली आणि मुके घेतले तर रंग उडेल, हेही बजावलं.

आता सांतिंगच्या सगळ्या मूर्ती हलक्या हाताच्या असतात. तरुण संत ओसिंग अजून ब्रशनंच रंगवते. गुळगुळीत गालांना तेच बरं, असं ती म्हणते. म्हाताऱ्यांसाठी एअरब्रश. परवा सांतिंग दुकानात आला, इकडेतिकडे बघत थोडा वेळ घुटमळला आणि मग त्यानं विचारलं, "बेलेन, बारीक छिन्न्या मिळतात का गं फोनवर? आणि घ्यायच्या आधी दुकानदाराला काय विचारायचं असतं?"