फोनवरची गृहभेट

माझी आई सिंगापूरला आली की आठवड्याभरात तिला करायला काही उरत नाही. सातारा जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर तिने नर्स म्हणून आयुष्य काढलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण निवृत्ती तिने फक्त पगारापुरती मानली आहे. मरीन परेडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टात शिरली की शेजारच्या चिनी आजोबांच्या सुजलेल्या घोट्यांकडे ती अशी टक लावून बघते की ते बिचारे एक मजला आधीच उतरून जातात.

यंदा मात्र तिला घरबसल्या पेशंट मिळाला. आमच्याकडे घरकामाला राहते ती बाई फिलिपिन्समधल्या एका खेड्यातली. मुलं तिला आँटी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तिचे वडील गावी एकटेच असतात. त्यांना शुगर, आणि त्यात पायाच्या करंगळीशी जखम झालेली. पेरूचा पाला उकळून त्या पाण्याने पाय धुवायचा आणि वर फडकं बांधायचं, एवढाच त्यांचा इलाज. सरकारी दवाखान्याचं नाव काढलं की ते फोन बंद करायचे. आँटी रोज दुपारी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून त्यांच्याशी भांडायची. भाषा कळली नाही तरी भांडण कळतंच, त्यामुळे आईने लगेच माझ्यामार्फत चौकशी केली आणि जखमेचं ऐकून कांदा चिरायचा थांबली. "पोरी, शुगरवाल्याच्या पायाची जखम म्हणजे थट्टा नाही. पाय जाईल त्यांचा," ती म्हणाली. आँटीला हे ठाऊक होतं. म्हणून तर ती भांडत होती.

मध्येच माझा नवरा मदतीला धावला. तो इथल्याच बुओना व्हिस्टा भागातल्या एका कंपनीत इंजिनिअर आहे आणि कुठलाही प्रश्न त्याच्यापुढे फार वेळ प्रश्न राहत नाही. त्याने इंटरनेटवरून काळ्या पडलेल्या पायाचा एक भयंकर फोटो शोधला आणि आँटीला तो वडिलांना पाठवायला सांगितला. म्हातारबांनी फोटो पाहिला आणि काही दिवस फोनच उचलला नाही.

जावयाला आई तोंडावर काही बोलत नाही, ते सगळं माझ्या वाट्याला येतं. "तुझ्या नवऱ्याला सांग, माणूस घाबरला की दार लावून घेतो. पहिल्या गृहभेटीत आजाराचं नावसुद्धा काढायचं नसतं. चहा घ्यायचा, गाय दूध किती देते विचारायचं आणि उठायचं."

शेवटी एकदाचा फोन लागला तेव्हा आई स्वतः समोर बसली, इस्त्रीची साडी नेसून. ती मराठीत बोलणार, मी त्याचं इंग्रजी करणार, आँटी तिच्या भाषेत सांगणार, आणि उत्तर त्याच वाटेने परत येणार. आई जोरात बोलली तर समुद्रापार ऐकू जाईल, अशी तिची समजूत. माझा धाकटा कंटाळून त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "आजी, ही कॅन हिअर यू ऑलरेडी लाह!"

पडद्यावर म्हातारबा दिसले, काखेत एक लालभडक कोंबडा. झुंजीचा होता, आणि पोटच्या पोरापेक्षा लाडका. आईला तेवढा धागा पुरला. काय खातो, पिसं कशी राखता, रात्री कुठे झोपतो. रोज कोंबड्याच्याच गप्पा. म्हातारबा खुलले, आईला "मॅम नर्स" म्हणायला लागले. आँटीचा मात्र धीर सुटत चालला. "मॅम," ती मला हळूच म्हणाली, "शुगर कोंबड्याला नाहीये."

हे मी आईला सांगितलं. आई नुसती हसली.

दुसऱ्या दिवशी तिने म्हातारबांना कोंबड्याचे पाय दाखवायला सांगितले. त्यांनी कौतुकाने एकेक बोट वेगळं करून दाखवलं. काटा लागला तर कसं कळतं, तिने विचारलं. कोंबडा लंगडतो की, ते म्हणाले.

"मग तुम्ही का नाही लंगडत?"

"मला दुखतच नाही."

"तेच तर, भाऊ. एवढी जखम आणि दुखत नाही. तुमच्या पायाला कळेनासं झालंय, म्हणून मला काळजी वाटते."

एवढं भाषांतर होऊन पोचायला वेळ लागला. मग त्यांनी कोंबडा खाली ठेवला आणि फडकं सोडलं. आँटीने मान फिरवली. आई चष्मा पुसून फोनजवळ वाकली, बराच वेळ बघत राहिली, आणि अजून उशीर झालेला नाही असं म्हणाली. मला तर तिथेच टाळी वाजवावीशी वाटली.

पण म्हातारबांनी फडकं पुन्हा बांधलं आणि दवाखान्यात जाणार नाही म्हणून सांगितलं. कापाकापीची भीती, आईने ठरवून टाकलं. मग तिने त्यांना जखम कशी साफ करतात ते दोन दिवस समजावलं, उदाहरणं दिली, प्रेमाने बोलली, शेवटी रागावली. ते ऐकून घ्यायचे आणि नाही अशी मान हलवायचे. इतक्या वर्षांची विद्या एका माणसापुढे चालेना, याचा आईला भलताच राग आला. ती माझ्यावर, वरणावर आणि सिंगापूरच्या हवेवर चिडत राहिली.

मग तिने आँटीला विचारलं, गावात आमच्या आशाताईसारखं कुणी नाही का? होती. शेजारच्याच गल्लीतली एक बाई घरोघरी जाऊन बाळांची वजनं करायची, म्हाताऱ्यांचं बीपी बघायची. पुढच्या फोनला ती बीपीचं मशीन घेऊन म्हातारबांच्या शेजारी येऊन बसली. त्यांच्या दंडाला पट्टा बांधता बांधता ती सहज बोलावं तसं बोलत होती. आँटी आम्हाला एकेक वाक्य सांगत होती.

"ती म्हणते, त्यांना सुरीची भीती नाही. ती म्हणते, दवाखान्यात गेले की आजाराला नाव मिळेल. नाव मिळालं की मुलगी काम सोडून येईल. आईच्या आजारपणात आली होती तशी. मग तिला पुन्हा बाहेर काम मिळायला..."

आँटी तिथेच थांबली. पुढचं आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि त्याची गरजही नव्हती. 

आँटीने डोळे पुसले, फोन हातात घेतला आणि वडिलांना कडक आवाजात काहीतरी सांगितलं. मी येणार नाही, तुम्ही जा, असं ते होतं, हे तिने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या बाईबरोबर तीनचाकीत बसून दवाखान्यात गेले. करंगळी गेली, पाय राहिला. ड्रेसिंग करायला ती बाई घरी येऊ लागली, आणि जखम हळूहळू भरायला लागली. डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही म्हटलं त्या दिवशी आईने शिरा केला. नवऱ्याने फोटोमुळे कसा पाया घातला गेला ते सांगितलं, आम्ही त्याला बोलू दिलं.

आँटीने शिऱ्याला हात लावला नव्हता. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, आता काय झालं?

"येणार नाही म्हटल्यावर लगेच गेले, मॅम. एवढं सोपं होतं." ती ओटा पुसत राहिली. "मला वाटायचं, एकदा तरी म्हणतील, ये."

बाहेर माझी आई बसली होती. तीही मला कधी ये म्हणत नाही, दर वेळी आपणच विमानात बसते आणि तुझी रजा वाया घालवू नकोस म्हणते. मला एकदम फार वाईट वाटलं.

आँटीची गावी जायची रजा शिल्लकच होती. मी आणि नवऱ्याने तिला नाताळात जाऊन यायला सांगितलं, परत आल्यावर काम आहेच. दुपारी तिने ते वडिलांना सांगितलं. ते भडकलेच. हात उडवत कितीतरी बोलले.

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

"नको येऊस म्हणतायत. पाय बरा आहे. तिकीट कशाला फुकट. इथे कुणाला गरज नाही."

म्हातारबा थांबले. त्यांनी बँडेजची कड उगाचच नीट केली. मग फोनकडे न बघता एक छोटंसं वाक्य बोलले. आँटी हसायला लागली, आणि हसता हसताच एप्रनने डोळे पुसायला लागली.

"अगं, आता काय म्हणाले?" आईने तिचा हात धरला.

"बस किती वाजता पोचते, ते विचारतायत."